ब्रह्मदेशाच्या खुर्चीवर बसायचे कोणी?

तारीख २६ फेब्रुवारी २०२१. न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेत ब्रह्मदेशातील परिस्थितीवर बैठक चालू होती. जेमतेम पंचवीस दिवसांपूर्वी, १ फेब्रुवारीच्या पहाटे, तिथल्या लष्कराने सत्ता बळकावून आंग सान सू ची आणि त्यांच्या सहकाऱ्यांना ताब्यात घेतले होते. रंगून, मंडाले अशा शहरांत माणसे रस्त्यावर उतरली होती आणि त्यांच्यावर गोळ्याही झाडल्या जाऊ लागल्या होत्या. अशा प्रसंगी त्या देशाचा राजदूत काय बोलणार, हे मुत्सद्द्यांच्या जगात सगळ्यांना पाठ असते. राजधानीतून मजकूर येतो आणि राजदूत तो वाचून दाखवतो. परिस्थिती नियंत्रणात आहे, हा आमचा अंतर्गत प्रश्न आहे, मित्रराष्ट्रांनी आम्हाला समजून घ्यावे, धन्यवाद.

राजदूत क्याव मो तुन यांनी त्या दिवशी असे काही वाचले नाही. आपण लष्कराच्या नव्हे, तर जनतेने निवडून दिलेल्या सरकारच्या वतीने बोलत आहोत, असे त्यांनी सांगितले. या राजवटीला मान्यता देऊ नका आणि ती संपवण्यासाठी जे जे करता येईल ते करा, अशी विनंती त्यांनी जगाला केली. शेवटची काही वाक्ये इंग्रजी सोडून ते आपल्या मातृभाषेत बोलले. आवाज कापत होता. भाषण संपल्यावर त्यांनी तीन बोटे वर केली. रंगूनच्या रस्त्यांवर तरुण मुले निषेधासाठी करत होती, तीच ही खूण.

दुसऱ्याच दिवशी सरकारी दूरचित्रवाणीवर बातमी आली, की देशाशी विश्वासघात केल्याबद्दल राजदूताला बडतर्फ केले आहे. लष्कराने त्यांच्या जागी त्यांच्याच हाताखालच्या उपराजदूताला नेमले. त्या गृहस्थांनी पद स्वीकारण्याऐवजी राजीनामा दिला. राजधानीतल्या सरकारने काढून टाकलेला माणूसच देशाच्या नावाच्या पाटीमागे बसून राहिला.

इथे प्रश्न उभा राहतो तो असा. त्या दिवशी आमसभेत बोलले कोण? ब्रह्मदेश बोलला, की नोकरी गमावलेला एक अधिकारी? प्रश्न दिसायला तांत्रिक आहे. पण ब्रह्मदेशाच्या मानवी हक्कांवर जागतिक व्यासपीठांवर गेली तीस-पस्तीस वर्षे जो वाद चालला आहे, त्याच्या मुळाशी हाच प्रश्न आहे. देशाच्या नावाने बोलण्याचा अधिकार कोणाचा? ज्यांच्या हाती बंदुका आहेत त्यांचा, की ज्यांच्यावर त्या रोखल्या आहेत त्यांचा?

मंडाले आणि रत्नागिरी

ब्रह्मदेश म्हटले की मराठी माणसाला दोन गावे आठवतात. एक मंडाले. तिथल्या तुरुंगात लोकमान्य टिळकांनी १९०८ ते १९१४ ही वर्षे काढली आणि ‘गीतारहस्य’ लिहिले. दुसरे गाव आपलेच, रत्नागिरी. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा याला इंग्रजांनी १८८५ मध्ये पदच्युत केले, पुढच्या वर्षी रत्नागिरीला आणून ठेवले, आणि तिथेच १९१६ मध्ये त्याचा अंत झाला. थिबा पॅलेस पाहायला शाळेच्या सहलीतून गेलेले कितीतरी वाचक असतील. डिसेंबर २०१२ मध्ये ब्रह्मदेशाचे तेव्हाचे अध्यक्ष थेन सेन मुद्दाम रत्नागिरीला येऊन गेले, ते या राजाच्या आठवणीपायीच.

थिबाच्या वडिलांच्या, म्हणजे मिंडोन राजाच्या, काळातली एक हकिगत आहे. १८७२ मध्ये मिंडोनने आपला मंत्री किनवुन मिंजी याला शिष्टमंडळ देऊन लंडनला पाठवले. एका स्वतंत्र राजाने दुसऱ्या स्वतंत्र सत्तेशी थेट बोलावे, एवढीच त्याची इच्छा होती. व्हिक्टोरिया राणीने शिष्टमंडळाला भेट दिली. पण ब्रह्मी मंत्र्याला राणीपुढे सादर केले ते इंग्लंडच्या परराष्ट्रमंत्र्याने नव्हे, तर हिंदुस्थानचा कारभार पाहणाऱ्या मंत्र्याने. आदरातिथ्यात काही उणे नव्हते. तरीही जे सांगायचे होते ते सांगून झाले होते. तुम्ही स्वतंत्र राष्ट्र नाही, आमच्या हिंदुस्थानच्या कारभारातले एक प्रकरण आहात! त्यानंतर तेरा वर्षांनी ते राज्यच उरले नाही. पुढे १९३७ पर्यंत ब्रह्मदेश ब्रिटिश हिंदुस्थानचा एक प्रांत होता.

हा अपमान लक्षात घेतला, की स्वतंत्र ब्रह्मदेशाला जागतिक संघटनेतल्या आपल्या खुर्चीचे एवढे अप्रूप का वाटले ते कळते. ४ जानेवारी १९४८ ला देश स्वतंत्र झाला आणि १९ एप्रिलला राष्ट्रसंघाचा सभासद झाला. त्याच वर्षी १० डिसेंबरला मानवी हक्कांचा जाहीरनामा आमसभेपुढे आला, तेव्हा ४८ देशांनी त्याच्या बाजूने मत दिले. त्यांत ब्रह्मदेश होता. ‘मानवी हक्क हे पाश्चात्त्यांचे खूळ आहे’ असे पुढे तिथले सेनाधिकारी सांगू लागले. ते ऐकताना या मतदानाची आठवण ठेवलेली बरी.

पंतानॉचे मास्तर

त्या काळात ब्रह्मदेशाच्या शब्दाला जगात वजन होते. १९५५ ची बांडुंग परिषद भरवणाऱ्या पाच देशांत भारताबरोबर ब्रह्मदेशही होता. पंतप्रधान ऊ नू आणि नेहरू यांचा स्नेह सर्वांना माहीत होता. इरावतीच्या मुखाजवळच्या पंतानॉ नावाच्या लहान गावातले एक शाळामास्तर, ऊ नूंचे मित्र ऊ थांट, १९५७ मध्ये राष्ट्रसंघात ब्रह्मदेशाचे प्रतिनिधी झाले. १९६१ मध्ये सरचिटणीस हॅमरशील्ड विमान अपघातात गेले आणि त्यांच्या जागी ऊ थांट आले. या पदावर बसलेले ते पहिले आशियाई. क्यूबाच्या क्षेपणास्त्रांवरून जग अणुयुद्धाच्या काठावर उभे होते, तेव्हा केनेडी आणि क्रुश्चेव्ह यांच्यामध्ये शांतपणे निरोप पोचवणाऱ्यांत हे मास्तर होते. १९७१ पर्यंत, तब्बल दहा वर्षे, त्यांनी ते पद सांभाळले.

मात्र ते न्यूयॉर्कमध्ये जगाची भांडणे सोडवत होते, तेव्हा त्यांच्या घरी काय चालले होते? २ मार्च १९६२ ला जनरल ने विन यांनी ऊ नूंचे सरकार उलथून टाकले. त्याच वर्षी जुलैत विद्यार्थ्यांवर गोळीबार झाला आणि रंगून विद्यापीठातली विद्यार्थी संघाची इमारत सुरुंगाने उडवून देण्यात आली. स्वातंत्र्य चळवळीतले कितीतरी पुढारी त्याच इमारतीत घडले होते. पुढची सव्वीस वर्षे देशाने स्वतःला जगापासून कोंडून घेतले. ज्या अलिप्ततावादी चळवळीच्या पायाभरणीत त्याचा हात होता, तीही त्याने १९७९ मध्ये सोडली.

२५ नोव्हेंबर १९७४ ला ऊ थांट न्यूयॉर्कला वारले. त्यांचे शव रंगूनला आणले, पण विमानतळावर सरकारी मानवंदना नव्हती. जगाने ज्याच्यापुढे मान लवविली, त्याला मायदेशात सरकारी इतमामाचे दोन हात जमीन मिळेना. तेव्हा विद्यार्थ्यांनी शवपेटी ताब्यात घेतली, मिरवणुकीने विद्यापीठात नेली आणि उडवून दिलेल्या विद्यार्थी संघाच्या जागेवर तिला ठेवले. काही दिवसांनी पहाटे लष्कर विद्यापीठात घुसले, शवपेटी काढून नेली आणि शहरात लष्करी कायदा लागू झाला. जगात सर्वांत मान मिळवलेल्या ब्रह्मी माणसाच्या मृत देहालाही सत्ताधारी भीत होते. खुर्चीवर बसलेल्यांचा देश वेगळा आणि लोकांच्या मनातला देश वेगळा, हे त्या डिसेंबरात प्रथम उघड्यावर आले.

जिनिव्हातील वाद

८ ऑगस्ट १९८८ चा उठाव, १८ सप्टेंबरला नव्या लष्करी मंडळाने घेतलेला ताबा, जुलै १९८९ मध्ये सू चींची घरातील नजरकैद, आणि २७ मे १९९० च्या निवडणुकीत त्यांच्या पक्षाने ४८५ पैकी जिंकलेल्या ३९२ जागा, हा क्रम वाचकांना आठवत असेल. सत्ता मात्र लष्कराने सोडली नाही. मधल्या काळात, १९८९ मध्ये, देशाचे इंग्रजी नाव बदलून ‘म्यानमार’ करण्यात आले. राष्ट्रसंघाने ते लगेच स्वीकारले. या लेखात आपल्या सवयीचे नाव ठेवले आहे इतकेच.

१९९१ मध्ये सू चींना नोबेल पारितोषिक मिळाले आणि आमसभेने ब्रह्मदेशावर पहिला ठराव केला. पुढच्याच वर्षी जिनिव्हाच्या मानवी हक्क आयोगाने त्या देशासाठी विशेष निरीक्षक नेमला. या निरीक्षकाला पगार नसतो, पोलीस नसतात, कोणाला अटक करण्याचा अधिकार नसतो. त्याने देशात जावे, माणसांशी बोलावे, पाहिलेले-ऐकलेले लिहावे आणि वर्षातून एकदा सभेपुढे ठेवावे. मग त्या देशाचा राजदूत उठतो आणि सारे खोटे आहे असे सांगतो. वाद संपतो. पुढच्या वर्षी पुन्हा तेच.

ब्रह्मदेशाच्या मुत्सद्द्यांचे मुद्दे या वादांत सहसा चार असत. पहिला, सनदेच्या दुसऱ्या कलमाप्रमाणे देशाच्या अंतर्गत कारभारात राष्ट्रसंघाने हात घालू नये. दुसरा, गरीब देशाला आधी भाकरी आणि सुव्यवस्था हवी, व्यक्तिस्वातंत्र्य मागाहून. १९९३ मध्ये व्हिएन्नाच्या मानवी हक्क परिषदेआधी बँकॉकला आशियाई देश जमले, तेव्हा याच सुराला बरीच साथ मिळाली होती. तिसरा मुद्दा असा, की देशात डझनावारी वांशिक बंडे आहेत आणि लष्कराचा हात सैल झाला तर देश फुटेल. आणि चौथा म्हणजे निरीक्षकाचा अहवाल परागंदा विरोधकांच्या ऐकीव माहितीवर बेतलेला आहे.

यातला तिसरा मुद्दा निखालस खोटा म्हणता येणार नाही. कारेन, काचिन, शान यांच्या बंडांचा इतिहास बराच जुना आहे. पण चौथा मुद्दा ऐकताना हसावे की रडावे कळत नाही. अहवाल ऐकीव का असतो? कारण निरीक्षकाला दारातच अडवले जाते म्हणून! मॉरिशसचे कायदेपंडित राजसुमेर लाला १९९६ ते २००० असे चार वर्षे निरीक्षक होते. त्या काळात त्यांना एकदाही ब्रह्मदेशात पाऊल ठेवू दिले नाही. त्यांच्यानंतरचे ब्राझीलचे पाउलो पिन्हेरो यांना प्रवेश मिळाला. मार्च २००३ मध्ये रंगूनच्या इन्सेन तुरुंगात ते राजकीय कैद्यांशी एकांतात बोलत होते, तेव्हा टेबलाखाली लपवलेला मायक्रोफोन त्यांच्या हाती लागला. त्यांनी दौरा तिथेच आटोपता घेतला.

वाचक विचारतील, मग या साऱ्या खटाटोपातून निघाले काय?

वेठबिगारीचा खटला

या प्रश्नाचे एक उत्तर जिनिव्हातच, पण दुसऱ्या इमारतीत सापडते. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा वेठबिगारीविरुद्धचा करार ब्रह्मदेशाने १९५५ मध्येच मान्य केला होता. प्रत्यक्षात लष्कर गावोगावची माणसे धरून रस्ते, लोहमार्ग, छावण्या बांधायला लावत होते. लढाईत दारूगोळा वाहायला हमाल म्हणून जुंपत होते. याला आधार कशाचा होता? १९०७ च्या, इंग्रजांनी केलेल्या गावकी आणि नगर कायद्यांचा! साम्राज्यशाहीला शिव्या देणारे सरकार साम्राज्याचाच कायदा वापरून आपल्या लोकांना राबवत होते.

कामगार संघटनेने १९९७ मध्ये तीन सदस्यांचे चौकशी मंडळ नेमले. त्यांत आपले माजी सरन्यायाधीश न्या. प्रफुल्लचंद्र भगवती होते. मंडळाला ब्रह्मदेशात प्रवेश नाकारला गेला. तेव्हा सदस्य भारत, बांगलादेश आणि थायलंडमध्ये जाऊन पळून आलेल्या लोकांना भेटले आणि सुमारे अडीचशे साक्षी नोंदवल्या. १९९८ च्या अहवालात निष्कर्ष स्पष्ट होता. वेठबिगारी तुरळक नव्हे, ती सर्रास आणि पद्धतशीर आहे. २००० साली संघटनेने आपल्या घटनेतले ३३ वे कलम इतिहासात प्रथमच वापरले आणि या देशाशी असलेल्या संबंधांचा फेरविचार करा, असे सर्व सभासदांना सांगितले.

यावेळी मात्र सेनाधिकारी हलले. वेठबिगारी हा गुन्हा ठरवणारे हुकूम निघाले. २००२ मध्ये कामगार संघटनेचा अधिकारी रंगूनमध्ये बसू लागला आणि २००७ च्या करारानुसार सामान्य माणसाला त्याच्याकडे तक्रार नेता येऊ लागली. वेठ संपली असे नाही. पण ज्या देशात लष्कराविरुद्ध तक्रार करायला एकही खिडकी नव्हती, तिथे एक खिडकी उघडली.

हे जमले कशामुळे? मागणी मोघम नव्हती. लोकशाही आणा, असे मंडळ म्हणाले नाही. अमुक कायदा बदला, अमुक प्रथा बंद करा, दोषींना शिक्षा करा, असे त्याने सांगितले. शिवाय करार ब्रह्मदेशाने स्वतःच्या सहीने स्वीकारलेला होता, म्हणून ‘अंतर्गत प्रश्न’ ही ढाल चालेना. आणि मागे परिणामाची भीती होती. २०२१ नंतर सारे पुन्हा बिघडले आणि जून २०२५ मध्ये कामगार संघटनेला तेच ३३ वे कलम ब्रह्मदेशासाठी दुसऱ्यांदा वापरावे लागले, हेही सांगायला हवे.

सुरक्षा परिषदेत असे काही घडले नाही. १२ जानेवारी २००७ ला अमेरिका आणि ब्रिटन यांनी ब्रह्मदेशाविषयी ठराव मांडला. नऊ मते बाजूने पडली, तरी चीन आणि रशिया यांनी नकाराधिकार वापरला आणि ठराव पडला. विरोधात तिसरे मत होते दक्षिण आफ्रिकेचे! वर्णद्वेषी राजवटीविरुद्ध ज्या देशाच्या जनतेने याच राष्ट्रसंघाचे दार वर्षानुवर्षे ठोठावले, त्या देशाने हा विषय सुरक्षा परिषदेचा नाही, असे सांगितले. आर्चबिशप डेस्मंड टुटू यांनी आपल्या सरकारच्या या मताबद्दल उघड नाराजी व्यक्त केली. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात भिक्षूंचे मोर्चे रंगूनच्या रस्त्यांवर आले आणि ते चिरडले गेले.

हेगमधील तो दिवस

आता या कथेतला सर्वांत अवघड भाग. २०१५ च्या निवडणुकीनंतर सू चींचे सरकार आले, लष्कराने स्वतःकडे बराच अधिकार राखून ठेवला असला तरी. दिल्लीच्या लेडी श्रीराम कॉलेजात शिकलेली, तरुणपणी न्यूयॉर्कला राष्ट्रसंघाच्या कचेरीत काम केलेली, पंधरा वर्षे नजरकैद सोसलेली ही बाई आता खुर्चीवर होती. आणि २५ ऑगस्ट २०१७ नंतर आराकानच्या रोहिंग्या मुसलमानांवर लष्कराने जी मोहीम काढली, तिच्यामुळे सात लाखांहून अधिक माणसे बांगलादेशात पळून आली. राष्ट्रसंघाच्या तथ्यशोधन समितीने गावे जाळल्याच्या, कत्तलींच्या, बलात्कारांच्या नोंदी केल्या आणि वरिष्ठ सेनाधिकाऱ्यांवर वंशसंहाराच्या आरोपाखाली चौकशी व्हावी, असे म्हटले.

नोव्हेंबर २०१९ मध्ये गांबिया या आफ्रिकेतल्या चिमुकल्या देशाने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात ब्रह्मदेशावर वंशसंहाराचा खटला भरला. डिसेंबरातल्या सुनावणीला देशाची बाजू मांडायला सू ची स्वतः उभ्या राहिल्या. न्यायालयापुढे ठेवलेले चित्र अपुरे आणि दिशाभूल करणारे आहे, असे त्यांनी सांगितले. एका सशस्त्र संघटनेच्या नावातला अपवाद सोडला, तर त्यांच्या तोंडी ‘रोहिंग्या’ हा शब्दही आला नाही. ज्यांनी त्यांच्या सुटकेसाठी जगभर सह्या गोळा केल्या होत्या, ते दूरचित्रवाणीपुढे थिजून बसले होते. लष्कराचे मुत्सद्दी जिनिव्हात वर्षानुवर्षे जे बोलत आले, तेच आता त्यांच्या कैदी बोलत होत्या. जानेवारी २०२० मध्ये न्यायालयाने एकमताने रोहिंग्यांच्या संरक्षणाचे अंतरिम आदेश दिले.

ज्यांच्या भाषणाने हा लेख सुरू झाला ते क्याव मो तुनही याला अपवाद नव्हते. न्यूयॉर्कला येण्यापूर्वी ते जिनिव्हात राजदूत होते आणि रोहिंग्यांविषयीचे अहवाल एकांगी आहेत, ही सरकारी बाजू तिथे त्यांनीच मांडली होती. २०२१ चे धाडस त्यामुळे कमी ठरत नाही, पण पूर्वीचे बोलणेही पुसले जात नाही. खुर्ची माणसाकडून काय काय वदवून घेते आणि ती झुगारायला किती जोर लागतो, हे एकाच माणसाच्या दोन भाषणांवरून कळते.

लष्करी उठावानंतर परागंदा लोकप्रतिनिधींनी राष्ट्रीय एकता सरकार स्थापन केले. त्या सरकारने जून २०२१ मध्ये रोहिंग्यांवरील अन्याय मान्य केला आणि त्यांना परके ठरवणारा १९८२ चा नागरिकत्व कायदा रद्द करण्याचे वचन दिले. स्वतःवर रणगाडे आल्यावर दुसऱ्याच्या जळलेल्या घराचा धूर दिसला, असे कोणी म्हणेल. तरीही उशिरा दिसलेला धूर न दिसण्यापेक्षा बरा.

रिकामी खुर्ची, भरलेली खुर्ची

२०२१ नंतर एकाच देशाच्या खुर्चीचे जागोजागी वेगवेगळे हाल झाले. न्यूयॉर्कला अधिकारपत्रे तपासणारी नऊ देशांची समिती असते. तिच्यात अमेरिका, रशिया आणि चीन हे तिघेही बसतात. लष्कर आणि राष्ट्रीय एकता सरकार अशा दोघांनी दावा केला. समितीने २०२१ मध्ये निर्णय पुढे ढकलला आणि पुढे २०२२, २०२३, २०२४ मध्येही तेच केले. त्यामुळे क्याव मो तुन यांची जागा राहिली. जिनिव्हाच्या मानवी हक्क परिषदेत ती जागा रिकामी राहिली. ‘आसियान’ने ऑक्टोबर २०२१ पासून शिखर परिषदांना लष्करप्रमुखाला बोलावणे बंद केले. हेगला मात्र फेब्रुवारी २०२२ मध्ये ब्रह्मदेशातर्फे लष्करी सरकारचीच माणसे उभी राहिली. लंडनला एप्रिल २०२१ मध्ये लष्कराविरुद्ध बोललेल्या राजदूताला त्याच्याच वकिलातीने दार बंद केले आणि त्याने ती रात्र मोटारीत काढली. क्याव मो तुन यांच्यावर हल्ल्याचा कट केल्याच्या आरोपावरून ऑगस्ट २०२१ मध्ये न्यूयॉर्क राज्यात दोघांना अटक झाली.

खुर्ची मिळाली म्हणजे न्याय मिळाला, असे मात्र नाही. कंबोडियाचे उदाहरण आहे. लाखो माणसांच्या हत्येला जबाबदार असलेली ख्मेर रूज राजवट १९७९ मध्ये सत्तेवरून गेली, तरी राष्ट्रसंघातली जागा पुढे कित्येक वर्षे तिच्याच प्रतिनिधींकडे होती. मोठ्या राष्ट्रांच्या सोयीने तेव्हाही निर्णय झाला. ब्रह्मदेशाच्या बाबतीत निदान खुनी हाताला ती जागा सुखासुखी मिळाली नाही, एवढाच फरक.

आपण कुठे उभे आहोत?

या साऱ्यात भारताची भूमिका काय? १९८८ मध्ये आपण लोकशाहीवाद्यांच्या बाजूने उघडपणे बोललो होतो. सू चींना १९९३ सालचा जवाहरलाल नेहरू पुरस्कार दिला. पण हळूहळू दिल्लीचा सूर बदलला. ब्रह्मदेशाशी आपली १,६४३ किलोमीटरची सरहद्द आहे. ईशान्येतल्या बंडखोरांचे तळ पलीकडे, चीनचा वाढता वावर पलीकडे. जो सत्तेवर असेल त्याच्याशी बोलावेच लागते, असे आपल्या परराष्ट्र खात्याचे म्हणणे. मार्च २०१७ मध्ये तथ्यशोधन समिती नेमण्याच्या ठरावापासून आपण अलग राहिलो. १८ जून २०२१ ला आमसभेने लष्कराचा निषेध करणारा ठराव ११९ विरुद्ध १ मतांनी संमत केला, तेव्हा तटस्थ राहिलेल्या ३६ देशांत आपण होतो. खुद्द ब्रह्मदेशाचे मत, क्याव मो तुन यांच्या हातून, ठरावाच्या बाजूने पडले होते! २१ डिसेंबर २०२२ ला सुरक्षा परिषदेने हिंसा थांबवा आणि सू चींसह राजकीय कैद्यांना सोडा, असा ठराव १२ मतांनी केला. १९४८ मध्ये सभासदत्वाची शिफारस केल्यानंतर ब्रह्मदेशाविषयी परिषदेने केलेला हा पहिलाच ठराव. त्या महिन्यात परिषदेचे अध्यक्षपद भारताकडे होते, आणि चीन व रशिया यांच्याबरोबर आपण तटस्थ राहिलो. अशा ठरावाने दोन्ही बाजू अधिकच अडून बसतील, असे कारण आपण दिले.

हे कारण पोकळ आहे असे म्हणता येत नाही. दूरच्या देशाला ठराव करून मोकळे होता येते, शेजाऱ्याला रोज त्याच अंगणातून जावे लागते. पण त्याच अंगणातून हजारो निर्वासित मिझोराममध्ये आले आणि तिथल्या सामान्य माणसांनी आपल्या ताटातले त्यांना वाढले. त्यांनी कोणत्याही ठरावाची वाट पाहिली नाही. शेजारधर्म म्हणजे नेमके काय, याचा अर्थ दिल्लीपेक्षा ऐझॉलला लवकर उमगला, असे खेदाने म्हणावेसे वाटते. गप्प राहून लष्कराकडून आपण काय मिळवले, याचाही हिशेब कधीतरी जनतेपुढे यायला हवा.

जागतिक सभांतून भाषणे होतात आणि ब्रह्मदेशात माणसे मरतच राहतात, हे खरे आहे. ठरावाने गोळी अडत नाही. पण या सभांतून दोन गोष्टी निश्चित झाल्या. एक, नोंद राहिली. १९९८ च्या त्या अडीचशे साक्षी, पिन्हेरोंना सापडलेला मायक्रोफोन, रोहिंग्यांच्या जळालेल्या गावांची यादी, हे सारे आता कोणाला नाकारता येत नाही. गांबियाचा खटला उभा राहिला तो या कागदांच्या आधारावर, आणि जुलै २०२२ मध्ये ब्रह्मदेशाच्या प्राथमिक हरकती फेटाळून न्यायालयाने तो पुढे चालवायचे ठरवले. दुसरी गोष्ट, सत्ता बळकावणाऱ्याला देशाचे नाव फुकट मिळाले नाही. १८७२ मध्ये परक्या साम्राज्याने ब्रह्मदेशाला स्वतःच्या नावाने बोलू दिले नव्हते. आज तेच त्याचे स्वतःचे लष्कर करते आहे.

रत्नागिरीला गेलात तर थिबा पॅलेसच्या गच्चीवर थोडा वेळ उभे राहा. समोर समुद्र दिसतो. मायदेशाशी संबंध तुटलेला राजा वर्षानुवर्षे त्याच्याकडे पाहत बसला असेल. त्याच्यासाठी बोलायला तेव्हा जगात एकही सभा नव्हती. आज निदान सभा आहे, पाटी आहे आणि त्या पाटीमागून देशाच्या माणसांसाठी एक राजदूत कापऱ्या आवाजात बोलला आहे. त्याचे ऐकायचे की नाही, हे ठरवणाऱ्यांत आपलाही एक हात आहे. तो हात दर वेळी टेबलाखालीच का राहतो, हे आपण आपल्या सरकारला विचारायला हवे.